घरचं दुखणं, परका कान

लग्नपत्रिका मी हल्ली खालून वर वाचते. मुहूर्त, कार्यालय, नवरा-नवरीची नावं मागाहून. आधी तळाची, बारीक अक्षरांतली निमंत्रकांची रांग. दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नाची पत्रिका माझ्यापर्यंत आली, तीही एका मावसबहिणीने मोबाइलवर पाठवली म्हणून. तिच्यात काका-काकू होते, मामा-मामी होते, दोन चुलत आत्या होत्या. सख्ख्या आत्याचं नाव नव्हतं. सख्खी आत्या म्हणजे मी.

कारण घरोघरी सापडेल असंच. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची वेळ आली. भावाने हक्कसोडपत्राचा मसुदा पुढे ठेवला आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात यायला सांगितलं. मी म्हटलं, "दादा, एकदा नीट वाचते, मग सही करते." तो म्हणाला, "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही." त्यानंतर आमच्यात दुसरं वाक्य झालेलं नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. पण कायदा हिस्सा देतो. माहेर सांभाळून देत नाही.

माझी कैफियत एवढीच. ती सांगितली, कारण हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरात अशी एखादी न छापलेली ओळ असेल. कुणी जातीबाहेर लग्न केलं म्हणून आईबापांनी दार लावलं असेल. कुणाचा मुलगा परदेशात आहे आणि फोन उचलत नाही. कुणी सासरच्या माणसांशी संबंध तोडलेत, कुणाला फॅमिली ग्रुपमधून काढून टाकलंय. या सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे: समोरचा बोलेल तेव्हा बोलेल, तुम्ही मात्र एखाद्या जाणत्या, परक्या माणसाशी बोलायला लागा. त्यासाठी दवाखान्याची पायरी चढायची गरज नाही. मोबाइलवरून, ऑनलाइन सुरुवात करा, आणि याच महिन्यात करा.

"घरचं घरात ठेवा"

हा सल्ला मी सहा वर्षं पाळला. त्यात एक गोम आहे. घरातला अबोला घरात कुणाशी बोलायचा? आईशी बोलावं तर ती दोघांचीही आई. नवऱ्याशी बोलावं तर तो चिडतो आणि दादाच्या नावाने आणखी चार शब्द ऐकवतो. मग मीच दादाची बाजू घेऊन भांडते. मावशीकडे मन मोकळं केलं की तिसऱ्या दिवशी ते तिखटमीठ लावून दादाच्या घरी पोचलेलं असतं. घरातला प्रत्येक माणूस या भांडणात पक्षकार असतो, साक्षीदार असतो, नाहीतर पोस्टमन असतो. ज्याला आपल्या कुळाशी घेणंदेणं नाही, असा कान घरात मिळत नाही.

चव्हाट्यावर मांडणं आणि समुपदेशकाला सांगणं यांतला फरकही इथेच आहे. चव्हाट्यावर माणसं निवाडा करायला बसलेली असतात. समुपदेशकाला निवाडा करायचा नसतो, आणि ऐकलेलं बाहेर न नेणं हा त्याच्या कामाचाच भाग असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही गोपनीयता रुग्णाचा हक्क म्हणून मान्य केली आहे.

जिवंत माणसाचं सुतक

अबोल्याचं दुःख विचित्र असतं. माणूस गेला की दहावं, बारावं, तेरावं असतं. लोक येतात, पिठलं-भात आणतात, रडू देतात. जिवंत माणूस आयुष्यातून गेला तर कुणी भेटायला येत नाही. भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नसतो, ती चंद्राला ओवाळते. मला भाऊ आहे; पुण्यातच, पस्तीस मिनिटांवर. मग मी चंद्राला कशी ओवाळू? पहिल्या वर्षी तबक तयार केलं आणि तसंच देवघरात ठेवून दिलं. निरांजन आपलं आपण विझलं.

पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांचा अभ्यास केला. माणूस गेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर दिसत नाही. अशा शेवट नसलेल्या वियोगाला त्यांनी १९७० च्या दशकात नाव दिलं. त्यांचं म्हणणं असं की, अशा दुःखात माणूस अडकून पडतो तो मनाने कमकुवत असतो म्हणून नव्हे. परिस्थितीच अडकवणारी असते.

आपल्या पूर्वजांनाही हे कळलं असावं. 'घटस्फोट' हा शब्द आज आपण काडीमोडासाठी वापरतो, पण जुना अर्थ जातीबाहेर टाकण्याच्या विधीचा आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तो विधी सांगितलाय: नातेवाइकांनी गावाबाहेर जमायचं, दासीने पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडायचा, मेलेल्याचं धरावं तसं एक दिवस-रात्र सुतक धरायचं. त्यापुढे त्या माणसाशी बोलणं नाही, एकत्र बसणं नाही, वारसाहक्क देणं नाही. त्या व्यवस्थेची तरफदारी करायचं मला काहीच कारण नाही. पण त्याच जागी पुढे परतीचा विधीही आहे: प्रायश्चित्त झाल्यावर सगळ्यांनी त्या माणसासोबत स्नान करायचं आणि नवा भरलेला घडा पाण्यात सोडायचा. आपण घडा लवंडण्याची रीत तेवढी जपली. नवा घडा भरण्याची विसरलो.

(तुम्हाला जात पंचायतीने किंवा गावकीने वाळीत टाकलं असेल तर गोष्ट वेगळी. सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात २०१७ पासून गुन्हा आहे; त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तिथे आधी पोलीस ठाणं, सोबत समुपदेशन. सज्ञान मुलामुलीच्या लग्नाला घरच्यांची किंवा समाजाची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय, आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष नेमायलाही सांगितलंय.)

बोलायचं कुणाशी?

'थेरपिस्ट' ही पाटी आपल्याकडे कुणीही लावू शकतं, म्हणून फरक माहीत असू द्या. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर. औषध तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. त्यांच्याकडे नोंदणी क्रमांक असतो. समुपदेशकांमध्ये मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एम. ए., एम. एस. डब्ल्यू. केलेलेही असतात आणि दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र घेतलेलेही. त्यामुळे पदवी, अनुभव आणि नोंदणी सरळ विचारा. चांगला माणूस या प्रश्नाने दुखावत नाही. जो दुखावतो, त्याच्याकडे जाऊ नका.

झोप, भूक, कामावर जाणं हे सगळं चालू आहे आणि छातीवर फक्त एक दगड आहे, तर समुपदेशकापासून सुरुवात करा. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. व्हिडिओवरून तपासण्यासाठी डॉक्टरांना २०२० पासून सरकारी मार्गदर्शक नियम आहेत, त्यामुळे पहिली भेटही ऑनलाइन होऊ शकते.

फी शे-पाचशेपासून काही हजारांपर्यंत असते. परवडत नसेल तर "फीमध्ये काही सवलत आहे का?" हे विचारायला लाजू नका; बरेच जण काही जागा कमी फीच्या ठेवतात. अगदीच पैसे नसतील तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानसचा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. ठाण्याची डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल, अशा संस्थाही वर्षानुवर्षं हे काम करत आहेत.

भाषेचा विचार आधी करा. ऑफिसात दिवसभर इंग्रजीत बोलणारी माणसंही रडताना मराठीत येतात. "तळतळाट लागेल" हे आईचं वाक्य इंग्रजीत सांगितलं की त्यातला विखार निघून जातो आणि उरते नुसती तक्रार. ऑनलाइनचा मोठा फायदा हाच: तुम्ही बंगळूरला असा नाहीतर बडोद्याला, मराठी कान सांगलीतला मिळू शकतो.

बसायचं कुठे?

आपल्या घरांत सगळं असतं, फक्त दार लावून बसायची सोय नसते. माझं पहिलं सेशन मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून केलं. काचा वर, कानात इअरफोन, मोबाइल स्टिअरिंगला टेकवलेला. विसाव्या मिनिटाला मला रडू फुटलं आणि त्याच वेळी वॉचमन काका काच वाजवायला लागले: "ताई, गाडी बंद पडली का?" मी हसत, नाक पुसत "नाही, मीटिंग आहे" म्हटलं. पडद्यावरच्या बाईही हसल्या. सहा वर्षांत मी दादाच्या विषयावर पहिल्यांदाच हसले होते.

तेव्हा जागा आधी शोधा: गाडी, गच्ची, मैत्रिणीचं रिकामं घर, ऑफिसची छोटी खोली. इअरफोन हवेतच. व्हिडिओ अडकत असेल तर नुसता फोनही चालतो. पैसे ज्या खात्यातून जातात त्याचा मेसेज कुणाच्या मोबाइलवर येतो, हे आधी बघा. एकत्र खात्यातून फी गेली आणि जेवणाच्या ताटावर चौकशी सुरू झाली, असं होतं. सेशन संपल्यावर लगेच कुकर लावायला पळू नका, दहा मिनिटं तशीच बसा.

पहिल्या दिवशी अख्खं रामायण सांगायची घाई नको. साधारण पाऊण तासाची वेळ असते. कागदावर तीन ओळी लिहून ठेवा: काय घडलं, आज सर्वांत जास्त काय बोचतं, आणि यातून मला काय हवंय. तिसरी ओळ लिहायला मला चार दिवस लागले. "दादाने माफी मागावी" हे लिहिलं आणि खोडलं, कारण ते दादाच्या हातात होतं.

आत होतं काय?

जादू होत नाही. समुपदेशक तुमच्या भावाला फोन करत नाही, मुलाला समजावत नाही, कोण बरोबर हेही सांगत नाही. प्रश्न विचारतो.

मला दोन गोष्टींचा उपयोग झाला. पहिली, एका अक्षराची. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती डॉ. कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. तिचं सार माझ्यापुरतं मराठीतल्या 'च'मध्ये आहे. "दादाने बोलावं" ही इच्छा झाली. ती पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, पण दिवस ढकलता येतो. "दादाने बोलायलाच हवं" हा हुकूम झाला. तो जगाने पाळला नाही की रोज नव्याने अपमान. बाईंनी मला आठवडाभर माझे 'च' मोजायला सांगितले. मी मंगळवारी दुपारीच मोजणं सोडून दिलं.

दुसरी गोष्ट कागदावरची. आमच्याकडे कुळाची वंशावळ चौकट करून लावली आहे: सात पिढ्या, सगळे पुरुष. तिसऱ्या सेशनला बाईंनी मला घराचा वेगळा नकाशा काढायला लावला. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, आणि जिथे बोलणं तुटलंय तिथल्या रेषेला मध्ये दोन छोटे काप. मी आजोबांची बहीण काढली. तिच्याविषयी "ती आपल्याकडे येत नसे" एवढंच ऐकलं होतं. वडिलांची थोरली बहीण काढली. तिला मी एकदाच पाहिलं, आजीच्या दहाव्याला, लांब उभी. मग स्वतःला काढलं. तीन पिढ्या, तीन बहिणी, तीन कापलेल्या रेषा. इतकी वर्षं मी ज्याला दादाचा स्वभाव म्हणत होते, ती आमच्या घराची रीत होती. राग गेला नाही; पण सगळा राग एकट्या दादावर राहिला नाही.

मरे बोवेन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाचं यावर म्हणणं होतं की, संबंध तोडल्याने गाठ सुटत नाही. माणूस लांब जातो आणि गाठ सोबत नेतो. परदेशातल्या मंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावं.

समुद्रापलीकडच्यांसाठी

तिथला ताण दुहेरी असतो. घरचे म्हणतात, "तू तिकडचाच झालास". तिकडे तुम्ही इकडचेच असता. गणपतीत मंडळात मोदक वळताना सगळं छान असतं, आणि रात्री फॅमिली ग्रुपवर तुमच्याशिवायच्या आरतीचा व्हिडिओ येतो. स्थानिक समुपदेशक भला असला तरी अर्धं सेशन मोठ्या काकूंचा मान म्हणजे काय हे समजावण्यात जातं. "नको असेल तर जाऊ नका" हे त्याचं म्हणणं त्याच्या जगात अगदी बरोबर असतं.

म्हणून भारतातला मराठी समुपदेशक घ्यावासा वाटणं स्वाभाविक आहे. पण नियम बघा. अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो. राज्यांमधला करार लागू नसेल तर न्यू जर्सीचा परवाना टेक्सासमधल्या माणसासाठी चालत नाही. "मी अमुक ठिकाणी राहतो, तुम्ही मला घेऊ शकता का?" हे पहिल्याच मेसेजमध्ये विचारा. पुण्यातला माणूस मध्यरात्री तुमच्या दारात मदत पाठवू शकत नाही, म्हणून तिथले नंबर जवळ ठेवा. अमेरिकेत तो ९८८ आहे. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या बोलण्याच्या उपचारांसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच नाव नोंदवता येतं.

आईबाबांसाठीही

हे फक्त तरुणांचं काम आहे असं समजू नका. मुलाने संबंध तोडलेली सत्तरीतली जोडपी मी पाहिली आहेत, दिवाळीला दोघांपुरते चार लाडू करतात आणि शेजाऱ्यांना सांगतात, "त्याला सुट्टी नाही मिळाली." काका, काकू, तुम्हीही बोला. व्हिडिओ जमत नसेल तर साधा फोन घ्या. एक विनंती: मुलाला नातेवाइकांकरवी निरोप पाठवणं आधी थांबवा. आजारपणाची बातमी देऊन बोलावून घेणं तर नकोच. तो एकदा येईल, दुसऱ्यांदा येणार नाही.

थोडी सावधगिरी

चार-पाच सेशन द्या. तरीही नीट ऐकलं जात नाही असं वाटलं तर माणूस बदला. शिंपी बदलतो तसा. पहिल्याच दिवशी "ॲडजस्ट करा, शेवटी आईवडीलच आहेत" म्हणणारा, आणि पहिल्याच दिवशी "तोडून टाका, विषारी माणसं आहेत" म्हणणारा, दोघांनाही नमस्कार करा. त्यांनी अजून तुमचं घर पाहिलेलंच नाही.

गोपनीयतेलाही मर्यादा असतात. जिवाला धोका असेल तर समुपदेशकाला कुणाला तरी कळवावं लागतं, आणि लहान मुलाच्या लैंगिक छळाची माहिती पोक्सो कायद्याने पोलिसांना द्यावीच लागते. हे आधीच विचारून घ्या. सेशनचं रेकॉर्डिंग परवानगीशिवाय कुणीही करायचं नाही, त्यांनीही आणि तुम्हीही.

घरात मारहाण होत असेल तर त्याच घरात बसून ऑनलाइन सेशन करू नका. ऐकलं गेलं तर जीव धोक्यात येईल. बायकांसाठी १८१, कुणालाही तातडीसाठी ११२. आणि "मी नसलो तर बरं" असा विचार मनात येत असेल, तर हा लेख इथेच बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा. उरलेलं नंतर वाचा.

माझं पुढे काय झालं? दादा अजून बोलत नाही. ते कागद मी वकिलांकडून वाचून घेतले आणि काय करायचं ते शांत डोक्याने ठरवलं. भाच्याला आहेर पोस्टाने पाठवला. पोचल्याचा फोन आला नाही. पाकीटही परत आलं नाही. गेल्या भाऊबीजेला मी संध्याकाळी लवकर गच्चीवर गेले, कारण द्वितीयेची कोर फार वेळ थांबत नाही. चंद्राला ओवाळलं. भाऊ आहे, म्हणून दादासाठी दुसरं निरांजनही लावलं. दोन्ही एकाच तबकात बसतात, हे मला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं.

सुरुवात कशी करावी सुचत नसेल तर पुढचा मजकूर उचला, हवा तसा बदला आणि पाठवा:

"नमस्कार. माझ्या जवळच्या माणसाशी माझं बोलणं तुटलं आहे. त्याबद्दल मला मराठीत बोलायचं आहे. मी अमुक गावी राहते. तुमचं शिक्षण आणि नोंदणी, फी, आणि या आठवड्यातली मोकळी वेळ कळवाल का?"